जुन्या संगणकात मोठी हार्ड डिस्क

आधी एक कोडे घ्या.

समजा, एका शाळेत २००० सालच्या सुमाराचा एक संगणक आहे. त्यातली २० गीगाबाइटची हार्ड डिस्क भरत आली, म्हणून तिच्या जागी १६० गीगाबाइटची डिस्क बसवली. तारा नीट जोडल्या, संगणक सुरूही झाला. पण पडद्यावर डिस्कचे माप दिसले १३७ गीगाबाइट. बाकीची जागा कुठे गेली ते कोणालाच कळेना. दुसऱ्या एका शाळेत अगदी तसाच संगणक होता. तिथेही १६० गीगाबाइटचीच डिस्क बसवली. मात्र बसवण्यापूर्वी ती एका नव्या संगणकावर तयार करून घेतली होती. इथे माप पुरे १६० दिसले. सगळ्यांना आनंद झाला. अनेक महिने काम सुरळीत चालले. आणि एके दिवशी, एक साधी फाइल साठवल्यावर, दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होईना. निकालपत्रके, ग्रंथालयाची यादी, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, काहीच हाती लागेना. डिस्क तर मोडलेली नव्हती.

या दोन शाळांपैकी नशीबवान कोणती? पहिल्या शाळेला जागा कमी मिळाली, तरी खरी नशीबवान तीच. असे का, ते समजून घेण्यासाठी आपल्याला संगणकाच्या पोटातल्या एका साध्या गोष्टीकडे पाहावे लागेल. ती गोष्ट म्हणजे पत्ता.

माहिती चकतीवर कशी राहते?

हार्ड डिस्कच्या बंद डब्यात एक किंवा अधिक गुळगुळीत चकत्या एकाच आसावर बसवलेल्या असतात. चकतीच्या पृष्ठभागावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. चकती वेगाने फिरत असते. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे हा वेग नेहमीचा आहे. पृष्ठभागाच्या अगदी जवळून, पण त्याला न टेकता, एक बारीक हेड म्हणजे डोके सरकते. ते थरावर चुंबकीय खुणा उमटवते आणि उमटलेल्या खुणा वाचते. डोके आणि चकती यांच्यामधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. म्हणूनच चालू डिस्कला धक्का लागू देऊ नये असे सांगतात.

या यंत्राचा पूर्वज १९५६ साली आयबीएम कंपनीने आणला. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज नखाएवढ्या कार्डावर त्याच्या हजारो पट मजकूर मावतो. पण आपला आजचा विषय डिस्क किती वाढली हा नाही. डिस्क वाढली, पण तिचा पत्ता लिहिण्याची जागा तेवढीच राहिली, तर काय होते, हा आहे.

चकतीवरच्या खुणा वर्तुळाकार वाटांवर असतात. प्रत्येक वाटेचे छोटे तुकडे पाडलेले असतात. अशा एका तुकड्याला सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. अलीकडच्या डिस्कांत आतले तुकडे याहून मोठे असतात, पण बाहेरच्या जगाशी बोलताना त्यांतल्या बऱ्याच डिस्का ५१२ चाच हिशेब ठेवतात. संगणकाला डिस्ककडून एक अक्षर हवे असले तरी तो अख्खा सेक्टर मागवतो. आणि मागवायचा तर त्याचा पत्ता सांगावा लागतो.

चाळ, मजला, खोली

जुन्या पद्धतीत हा पत्ता तीन भागांत सांगत असत. एखाद्या वसाहतीत अनेक चाळी असाव्यात, प्रत्येक चाळीला सारखेच मजले असावेत आणि प्रत्येक मजल्यावर सारख्याच खोल्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे. 'दुसरी चाळ, तिसरा मजला, दहावी खोली' एवढे सांगितले की पोस्टमन बरोबर पोहोचतो.

डिस्कच्या बाबतीत चाळ म्हणजे सिलिंडर. सर्व चकत्यांवरच्या एकाखाली एक येणाऱ्या वाटांच्या संचाला हे नाव आहे. मजला म्हणजे डोक्याचा क्रमांक, कारण प्रत्येक पृष्ठभागाला त्याचे स्वतंत्र डोके असते. खोली म्हणजे त्या वाटेवरचा सेक्टर. या तिन्हींचा गुणाकार केला की एकूण सेक्टर मिळतात आणि त्यांना ५१२ ने गुणले की डिस्कचे माप बाइटमध्ये मिळते.

उदाहरण घेऊ. १९८३ साली आलेल्या आयबीएम पीसी एक्सटी या संगणकाच्या डिस्कला ३०६ सिलिंडर, ४ डोकी आणि प्रत्येक वाटेवर १७ सेक्टर होते.

३०६ × ४ × १७ × ५१२ = १,०६,५३,६९६ बाइट

म्हणजे साधारण १० मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेली दोन-तीन छायाचित्रे तेवढी जागा घेतात. त्या काळी मात्र ती डिस्क प्रशस्त वाटत असे.

अर्जावरच्या चौकटी

परीक्षेचा अर्ज भरताना बैठक क्रमांकासाठी छापलेल्या चौकटी तुम्ही पाहिल्या असतील. चौकटी तीन असतील, तर ९९९ च्या पुढचा क्रमांक त्यांत लिहिता येत नाही. विद्यार्थी हजारावा असला तर दोष विद्यार्थ्याचा नव्हे, अर्जाचा.

संगणक आकडे द्विमान पद्धतीत लिहितो. त्याच्या प्रत्येक चौकटीत ० किंवा १ एवढेच लिहिता येते. अशा एका चौकटीला बिट म्हणतात. एका बिटात २ वेगळे आकडे लिहिता येतात, २ बिटांत ४, ३ बिटांत ८. एक चौकट वाढली की आकड्यांची संख्या दुप्पट होते. १० बिटांत १,०२४ आकडे लिहिता येतात, ० पासून १,०२३ पर्यंत. एवढे लक्षात ठेवले की पुढचा सारा हिशेब पाचवीच्या गुणाकाराचा आहे.

आता पाहा. संगणक सुरू होताच जो कार्यक्रम सर्वांत आधी जागा होतो, त्याला बायोस म्हणतात. तो संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या एका चिपमध्ये कायमचा भरलेला असतो. इतर कार्यक्रमांना डिस्कवरचे काही हवे असले की ते बायोसकडे अर्ज करीत. या अर्जात सिलिंडरसाठी १० बिट, डोक्यासाठी ८ बिट आणि सेक्टरसाठी ६ बिट ठेवलेले होते. सेक्टरची मोजणी शून्यापासून नव्हे तर १ पासून करतात, म्हणून ६ बिटांत ६४ नव्हे, ६३ सेक्टर बसतात.

पुढे बायोस डिस्ककडे दुसरा अर्ज करी. त्या अर्जाचा नमुना वेगळ्या लोकांनी ठरवला होता. त्यात सिलिंडरसाठी १६ बिट, डोक्यासाठी ४ बिट आणि सेक्टरसाठी ८ बिट होते.

दोन्ही अर्ज एकमेकांशेजारी ठेवून पाहा:

बायोसचा अर्ज: सिलिंडर १,०२४, डोकी २५६, सेक्टर ६३.
डिस्कचा अर्ज: सिलिंडर ६५,५३६, डोकी १६, सेक्टर २५५.
दोन्हींत बसेल तेवढे: सिलिंडर १,०२४, डोकी १६, सेक्टर ६३.

प्रत्येक रकान्यात जो आकडा लहान तोच चालणार, हे उघड आहे. त्यावरून मर्यादा काढा:

१,०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट

म्हणजे सुमारे ५२८ मेगाबाइट. गंमत अशी की, एकट्या बायोसच्या अर्जात ८ गीगाबाइटहून मोठी डिस्क बसत होती आणि एकट्या डिस्कच्या अर्जात १३६ गीगाबाइटहून मोठी. दोन प्रशस्त अर्ज एकत्र आले आणि दोघांच्या अडचणी तेवढ्या शिल्लक राहिल्या. रुंद पण ठेंगणा दरवाजा आणि उंच पण अरुंद दरवाजा एकामागोमाग लावले, तर कपाट आत नेताना जे होईल तेच इथे झाले. १९९० नंतरच्या काही वर्षांत डिस्का ५२८ मेगाबाइटच्या पुढे गेल्या आणि लोकांना ही भिंत प्रथम दिसली.

भाषांतराची युक्ती

यावर तोड अशी निघाली. बायोसने दोन्ही अर्जांमध्ये दुभाष्याचे काम करावे. समजा, डिस्क म्हणते, 'माझे सिलिंडर ४,०९२ आणि डोकी १६.' बायोस इतर कार्यक्रमांना सांगतो, 'सिलिंडर १,०२३ आणि डोकी ६४.' सिलिंडर चौपट कमी केले, डोकी चौपट वाढवली. गुणाकार तोच राहिला: ४,०९२ × १६ = ६५,४७२ आणि १,०२३ × ६४ = ६५,४७२. सेक्टर एकही हरवला नाही आणि प्रत्येक आकडा आपापल्या चौकटीत बसला.

तुम्ही विचाराल, डिस्कमध्ये ६४ डोकी आली कुठून? ती मुळीच नाहीत. खरे तर १६ ही नसतात. दोन चकत्यांच्या डिस्कला चारच डोकी असतात. शिवाय चकतीची बाहेरची वाट लांब आणि आतली आखूड, म्हणून नव्या डिस्कांत बाहेरच्या वाटेवर सेक्टर जास्त आणि आतल्या वाटेवर कमी ठेवतात. तेव्हा 'प्रत्येक मजल्यावर सारख्या खोल्या' हेही खरे राहिलेले नाही. चाळ, मजला, खोली हे सारे केवळ सांगण्यापुरते उरले. आतला खरा हिशेब डिस्क स्वतः ठेवते.

ही युक्ती बायोसच्या अर्जाची मर्यादा गाठेपर्यंतच चालली: १,०२४ × २५६ × ६३ × ५१२ = ८,४५,५७,१६,८६४ बाइट, म्हणजे साधारण ८.४ गीगाबाइट. एक्सटीच्या डिस्कच्या जवळजवळ ८०० पट! ज्यांनी हा अर्ज आखला त्यांना आपण कंजूष म्हणू शकत नाही. त्यांनी पुढची पुष्कळ वर्षे पाहिली होती, पण डिस्का त्याहून वेगाने वाढल्या.

सरळ एकच क्रमांक

पत्ता जर सांगण्यापुरताच असेल, तर तीन तुकडे कशाला हवेत? वसाहतीतल्या सगळ्या खोल्यांना ०, १, २, ३ असे एका ओळीत क्रमांक द्यावेत. या पद्धतीला एलबीए म्हणतात. जुन्या पत्त्यावरून नवा क्रमांक काढणे सोपे आहे. १६ डोकी आणि ६३ सेक्टर असलेल्या डिस्कवर सिलिंडर २, डोके ३, सेक्टर १० या पत्त्याचा क्रमांक असा येतो:

(२ × १६ + ३) × ६३ + (१० − १) = ३५ × ६३ + ९ = २,२१४

बायोससाठीही नवा अर्ज आला. त्यात क्रमांकाला ६४ बिटांची ऐसपैस जागा ठेवली. त्यामुळे ८.४ गीगाबाइटची भिंत पडली. पण डिस्कच्या अर्जातल्या चौकटी अजून जुन्याच होत्या. डिस्कमध्ये पत्ता घेण्यासाठी ८ बिटांची तीन रजिस्टरे, म्हणजे तीन छोटे कप्पे होते. शिवाय चौथ्या कप्प्यातले ४ बिट. एकूण ३ × ८ + ४ = २८ बिट. २ चा २८ वा घात म्हणजे २६,८४,३५,४५६. इतके सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट:

२६,८४,३५,४५६ × ५१२ = १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट

हेच ते १३७ गीगाबाइट! पहिल्या शाळेच्या पडद्यावर दिसलेला आकडा कुठून आला ते आता तुम्हाला कळले. १६० गीगाबाइटच्या डिस्कने त्या जुन्या संगणकाला सांगितले, 'तुझ्या अर्जात मावतील एवढेच सेक्टर मी तुला दाखवते.' उरलेली जागा डिस्कवर आहेच, फक्त तिथपर्यंत पत्ता पोहोचत नाही. जागा वाया गेली, पण माहितीला धोका नाही.

गुंडाळला गेलेला पत्ता

आता दुसऱ्या शाळेकडे वळू. स्कूटरचा किलोमीटर मोजणारा पाच आकडी काटा ९९,९९९ वर आला आणि स्कूटर आणखी एक किलोमीटर गेली, तर काट्यावर काय दिसेल? ००,०००. एक लाखातला १ लिहायला जागाच नाही, म्हणून तो गळून पडतो. काटा तक्रार करीत नाही, थांबतही नाही. तो मुकाट्याने शून्यावर येतो.

दुसऱ्या शाळेतली डिस्क नव्या संगणकावर तयार केली होती. नव्या संगणकाने डिस्कच्या सुरुवातीला नोंद करून ठेवली की, ही डिस्क पुरी १६० गीगाबाइटची आहे. जुन्या संगणकाने ती नोंद वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. जोवर फाइली पहिल्या १३७ गीगाबाइटमध्ये मावत होत्या, तोवर सारे क्रमांक २८ बिटांत बसत होते. म्हणून महिनोन् महिने काहीच बिघडले नाही. मग एके दिवशी त्याला क्रमांक २६,८४,३५,४५६ च्या सेक्टरवर लिहायची वेळ आली. द्विमान पद्धतीत हा आकडा म्हणजे १ आणि त्यापुढे २८ शून्ये. चौकटी २८. डावीकडचा १ गळून पडला. डिस्कला मिळालेला पत्ता: शून्य.

शून्य क्रमांकाच्या सेक्टरवर काय असते ठाऊक आहे? संगणक सुरू करणारा पहिला कार्यक्रम आणि डिस्कचे भाग कसे पाडले आहेत त्याची नोंद. त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर कोणती फाइल कुठे आहे याची यादी असू शकते. नवी फाइल या सगळ्यावर लिहिली गेली. पुस्तक शाबूत, पण अनुक्रमणिका फाडली, आणि पानांवरचे क्रमांकही पुसले, अशी अवस्था झाली.

सर्वच जुन्या संगणकांत असे होत नाही. काही प्रणाली मर्यादेपलीकडचा पत्ता पाहताच चूक दाखवून थांबतात. थांबणे त्रासाचे असले तरी ते बरे. वाईट प्रकार तो, की जो चूक न दाखवता पुढे जातो. म्हणूनच म्हटले, पहिली शाळा नशीबवान.

अठ्ठेचाळीस बिट

यावर जो उपाय निघाला तो मोठा मजेदार आहे. नव्या चौकटी जोडायच्या तर सगळ्या जोडण्या बदलाव्या लागल्या असत्या. त्याऐवजी असे ठरले की, ८ बिटांच्या त्याच तीन कप्प्यांत प्रत्येकी दोनदा लिहायचे. आधी पत्त्याचा वरचा अर्धा भाग, मग खालचा. ३ × ८ × २ = ४८ बिट. २००२ सालच्या सहाव्या एटीए मानकात ही पद्धत आली.

४८ बिटांत किती क्रमांक लिहिता येतात? सुमारे २ लाख ८१ हजार अब्ज. सेकंदाला १,००० सेक्टर या वेगाने मोजत बसलो तर शेवटपर्यंत पोहोचायला सुमारे ८,९०० वर्षे लागतील. निदान पत्त्याच्या बाबतीत तूर्त चिंता नको.

पण एक लक्षात ठेवा. डिस्क ४८ बिटांची असून भागत नाही. बायोस, कंट्रोलर चालवणारा कार्यक्रम आणि कार्यप्रणाली या साखळीतल्या प्रत्येकाला ४८ बिट समजले पाहिजेत. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या मूळ आवृत्तीत ही सोय नव्हती. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ती मिळाली. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते.

डिस्क बसवायची कशी?

शाळेत असा संगणक असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम करता येईल. क्रम मोडू नका.

१. सर्वांत आधी जुन्या डिस्कवरच्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. प्रत उघडून पाहा. न उघडलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे.

२. संगणक बंद करून विजेची तार भिंतीतून काढा. डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या. वीजपुरवठ्याचा वेगळा बंद डबा मात्र कधीही उघडू नका. तार काढल्यावरही त्यात काही काळ धोकादायक विद्युतभार राहतो.

३. जुन्या आयडीई पद्धतीच्या डिस्कमागे जंपर नावाची छोटी टोपी असते. एका केबलवर दोन डिस्का असतील तर एक 'मास्टर' आणि दुसरी 'स्लेव्ह' अशी टोपी बसवावी लागते. कोणत्या खुणेवर टोपी घालायची त्याची आकृती बहुधा डिस्कच्या लेबलावरच छापलेली असते.

४. रुंद चपट्या केबलची एक कड रंगीत असते, बहुधा लाल. ती बाजू पहिल्या पिनकडे येते. ८० तारांच्या केबलला तीन रंगांची टोके असतात: निळे मुख्य पाटीला, काळे मास्टरला, मधले करडे स्लेव्हला.

५. विजेच्या चार तारांच्या जोडणीत पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या परतीच्या असतात. जोडणीचे दोन कोपरे छाटलेले असल्याने ती एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर जोर लावू नका, उलटी करून पाहा.

६. डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवा. सैल डिस्क थरथरते.

७. आता संगणक सुरू करून बायोसच्या पडद्यावर जा आणि डिस्कचे माप वाचा. याच आकड्यात सारी गोम आहे. डिस्कवर छापलेले माप आणि हे माप जुळले तर पहिली पायरी पार पडली. ५२८ मेगाबाइट, ८.४ गीगाबाइट किंवा १३७ गीगाबाइट यांपैकी एखादा ओळखीचा आकडा दिसला, तर कोणती भिंत आडवी आली ते तुम्ही आता सांगू शकाल.

८. डिस्कचे भाग पाडण्याचे आणि ती तयार करण्याचे काम, जिथे ती चालणार त्याच संगणकावर करा. दुसऱ्या शाळेची गोष्ट विसरू नका.

९. खरी माहिती भरण्याआधी परीक्षा घ्या. एक मोठी फाइल वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा साठवून डिस्क जवळजवळ भरा. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि पहिल्या काही फाइली उघडतात का ते पाहा. उघडल्या तर पत्ता गुंडाळला जात नाही. या परीक्षेला बराच वेळ लागतो, पण तो वाया जात नाही.

भिंत आडवी आली तर?

पहिला उपाय, मुख्य पाटी बनवणाऱ्या कंपनीने काढलेला सुधारित बायोस मिळत असेल तर तो भरणे. हे काम चालू असताना वीज गेली तर पाटी निकामी होऊ शकते, म्हणून ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. दुसरा उपाय, स्वतःचा बायोस असलेले वेगळे कंट्रोलर कार्ड बसवणे. ते मुख्य पाटीच्या बायोसला बाजूला ठेवून डिस्कशी स्वतः बोलते. तिसरा उपाय, डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा दुभाष्या कार्यक्रम बसवणे. १९९० च्या दशकात डिस्क कंपन्या असे कार्यक्रम देत असत. त्यात अडचण अशी की, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली तर तिथे दुभाष्या नसल्याने ती नीट वाचता येत नाही. चौथा उपाय सर्वांत साधा: मर्यादेपर्यंतचीच जागा वापरणे आणि बाकीची सोडून देणे.

आजच्या डिस्कांना जुनी रुंद केबल लागत नाही. त्यांची साटा जोडणी सात संपर्कांची, अरुंद असते. जुन्या संगणकाला ती लावण्यासाठी रूपांतर करणारी जोडणी मिळते. पण नुसत्या जोडणीने पत्त्याच्या चौकटी वाढत नाहीत. खुंटी भोकात बसली म्हणजे अर्जातही जागा झाली, असे समजू नका.

दोन प्रकारचे गीगाबाइट

एक घोटाळा मात्र दूर केला पाहिजे. डिस्क विकणारे गीगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. पुष्कळ कार्यप्रणाली २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतात. त्यामुळे १६० गीगाबाइटची डिस्क पडद्यावर १४९ दिसते आणि १३७ ची भिंत १२८ दिसते. १४९ दिसले तर काही हरवलेले नाही, फक्त मापाची पायली मोठी आहे. १२८ दिसले तर मात्र खरोखरच जागा अडली आहे. बायोस आणि कार्यप्रणाली कोणत्या मापाने बोलत आहेत ते आधी पाहा, मग घाबरा.

पुढची भिंत

डिस्कचे भाग नोंदवण्याच्या एमबीआर या जुन्या पद्धतीत सेक्टरच्या क्रमांकाला ३२ बिट आहेत. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ म्हणजे २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, सुमारे २.२ टेराबाइट. त्याहून मोठ्या डिस्का आज सर्रास मिळतात, म्हणून आता जीपीटी ही ६४ बिटांची पद्धत वापरतात. विंडोज एक्सपीच्या ३२ बिटी आवृत्तीला जीपीटी कळत नाही.

हा प्रश्न डिस्कांपुरता नाही. साल दोनच आकड्यांत लिहिल्यामुळे २००० साल उजाडताना जगभरच्या संगणकांची तपासणी करावी लागली. अनेक संगणक वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांत मोजत आले आहेत. त्यांच्या चौकटी १९ जानेवारी २०३८ रोजी भरतील. तेव्हा तुमच्यापैकी काही जण हेच काम करीत असतील. चौकटी आखताना आपण आजची गरज पाहतो. त्या भरतील तेव्हा यंत्राने काय करावे, हेही त्याच वेळी ठरवले पाहिजे. ज्या यंत्राला 'माझ्यात जागा नाही' असे म्हणता येते, ते मुकाट्याने शून्यावर जाणाऱ्या यंत्रापेक्षा केव्हाही चांगले.

करून पहा

१६ रिकाम्या काड्यापेट्या घ्या. त्यांवर ० ते १५ क्रमांक द्विमान पद्धतीत लिहा: ००००, ०००१, ००१० याप्रमाणे ११११ पर्यंत. एका मित्राला संगणक करा आणि त्याला ताकीद द्या की, पत्त्याचे उजवीकडचे तीनच आकडे वाचायचे. आता नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या ० पासून क्रमाने त्याच्याकडे द्या. प्रत्येक चिठ्ठी पेटीत ठेवताना आधीची असेल तर ती काढून टाकायची. पहिल्या आठ चिठ्ठ्या बिनचूक जातील. नववी चिठ्ठी, पत्ता १०००, कुठे जाते आणि कोणाचे नाव पुसले जाते ते पाहा.

स्वाध्याय

१. डोकी १६ आणि सेक्टर ६३ असलेल्या डिस्कवर सिलिंडर ५, डोके ०, सेक्टर १ या पत्त्याचा एलबीए क्रमांक काढा.

२. काही बायोसांत सिलिंडरसाठी १२ बिटच होते. डोकी १६ आणि सेक्टर ६३ धरून त्यांची मर्यादा किती येईल?

३. ३ टेराबाइटच्या एका डिस्कचे नेमके माप ३०,००,५९,२९,८२,०१६ बाइट आहे. काही जुन्या संगणकांवर ती फक्त ७४६ गीगाबाइटची दिसते. का?

उत्तरे: (१) ५ × १६ × ६३ = ५,०४०. (२) ४,०९६ × १६ × ६३ × ५१२ = २,११,३९,२९,२१६ बाइट, सुमारे २.१ गीगाबाइट. (३) ३२ बिटांची मर्यादा ओलांडल्यावर माप पुन्हा शून्यापासून मोजले जाते. मापातून २१,९९,०२,३२,५५,५५२ वजा केले की ८,०१,५६,९७,२६,४६४ बाइट उरतात. त्यांना १,०७,३७,४१,८२४ ने भागले की ७४६ येतात.